जमिनीत पुरलेला डोंगा

गेल्या उन्हाळ्यात भाचा पुण्याहून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मामा, वाडीत स्विमिंग टँक बसवू. फायबरचा. तयार मिळतो. ट्रकनं आणायचा, खड्ड्यात ठेवायचा, पाणी भरायचं. आठ दिवसांत काम." फोटोत एक निळं, गुळगुळीत, लांबट भांडं क्रेनला लटकलं होतं. खाली खड्डा, खड्ड्याच्या काठावर चार माणसं माना वर करून उभी. भाच्याला त्यात टँक दिसत होता. मला डोंगा दिसला. वडशाला वैनगंगेच्या काठी ढिवर लोकांचे असतात तसा, फक्त फार मोठा.

तसं मी बोललो तेव्हा तो हसला. पण फायबरचा टँक आणि फायबरची होडी खरोखरच एका घराण्यातली आहेत. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन हे लग्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जमलं. युद्ध संपल्यावर त्यातून होड्या बनू लागल्या आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत तेच तंत्र पोहण्याच्या टँकसाठी वापरलं गेलं. आपल्या कोकणात आज पुष्कळ ठिकाणी लाकडी होडीची जागा फायबरच्या होडीने घेतली आहे. तिथला कारागीर जसा साच्यावर थर चढवतो, तसेच थर टँकवरही चढतात. होडी पाणी बाहेर ठेवते, टँक पाणी आत ठेवतो, एवढाच फरक. आणि या भांड्याची जात होडीची आहे हे आमच्या कुरखेड्याच्या जमिनीत ते पुरताना एक दिवसही विसरून चालत नाही.

भांडं बनतं कसं ते आधी पाहू, कारण विकत घेताना काय विचारायचं ते त्यातून कळतं. कारखान्यात टँकच्या आकाराचा साचा पालथा ठेवलेला असतो. त्यावर पहिल्यांदा जेलकोट फवारतात. हा रंगीत, चकचकीत थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे थर एकावर एक चढतात, रोलर फिरवून त्यातले हवेचे बुडबुडे काढले जातात, बाहेरून बरगड्या बसवतात. सगळं वाळलं की भांडं साच्यावरून उचलून सुलटं करतात. म्हणजे कारखान्यात जो थर सर्वांत आधी लागतो, तोच पुढे आपल्या पायाला लागतो.

जेलकोट पूर्ण जलरोधक नसतो. वर्षानुवर्षं पाणी त्यातून अगदी सावकाश आत झिरपतं. आतल्या थरात रेझिन नीट न मुरलेल्या जागा असतील, तर पाणी तिथे ओढलं जातं आणि पृष्ठभागावर फोड येतात. वाळलेलं मोहफूल पाण्यात टाकलं की पाणी ओढून टच्च फुगतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून चांगले उत्पादक जेलकोटच्या मागचा पहिला थर विनाइलएस्टर रेझिनचा देतात. ते महाग असतं, पण पाण्याला जास्त दाद देत नाही. विक्रेत्याला रंग आणि दिवे यांच्याबद्दल विचारण्याआधी हा थर विचारावा आणि बिलावर लिहून घ्यावा. भांड्याची मागची बाजू हाताने चाचपून पाहावी. तिथे कोरडे, पांढरट तंतू उघडे दिसले तर रेझिन कमी पडलंय. आतल्या बाजूने डोळा भिंतीच्या रेषेत आणून उजेडात बघावं, लाटा असतील तर लगेच दिसतात.

आता डोंग्याचा हिशोब.

घरगुती टँक समजा सात मीटर लांब, तीन मीटर रुंद, सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल. त्यात साधारण ३०,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ३० टन. भांड्याचं स्वतःचं वजन मात्र एका टनाच्या आसपास. भरलेला टँक ३० टनांनी जमिनीवर बसलेला असतो, त्याला काही होत नाही. तो रिकामा केला आणि भोवतालच्या मातीत पाणी असलं, की ते पाणी तळाखालून वर रेटतं. तळ २० चौरस मीटर धरा. तळाच्या वर फक्त पाच सेंटिमीटर पाणी चढलं, म्हणजे तीन बोटं, तर एक घनमीटर पाण्याची जागा भांड्याने अडवली. एक टनाचा रेटा. भांड्याच्या वजनाएवढा. पाणी हातभर चढलं तर रेटा नऊ-दहा टनांवर जातो. भोवतीची गिट्टी आणि वरचं काँक्रीट काही वेळ धरून ठेवतात, पण डोंगा तो डोंगाच. संधी मिळाली की तरंगतो.

आमच्या नात्यातल्या एका वाडीत हे झालं. पोळ्याच्या दोन दिवस आधी, पाहुणे येणार म्हणून घरच्यांनी मोटर लावून टँक पूर्ण उपसला, घासून पुसून लख्ख केला, दुसऱ्या दिवशी भरू म्हणून झोपले. रात्री झड लागली. सकाळी उथळ बाजू वीतभर वर आलेली, काठाच्या फरश्या उचकटलेल्या, फिल्टरकडे जाणारे दोन्ही पाइप सांध्यात तुटलेले. भांड्याला चीर नव्हती. तरीही ते परत खाली बसवता आलं नाही, कारण उचललेल्या जागेत गिट्टी आणि गाळ सरकून बसला होता. सगळं उकरून नव्याने बसवावं लागलं. बसवणाऱ्याने त्यांना पावसाळ्यात रिकामा करू नका असं सांगितलेलंच नव्हतं. एका वाक्याची ती किंमत होती.

फायबरचा टँक रिकामा करायचा नसतो. पाणी बदलायची गरज वाटली तरी एका वेळी थोडं काढून थोडं भरायचं. कधी दुरुस्तीसाठी उपसावाच लागला तर एप्रिल-मे महिन्यात, आणि तोही भोवतालचं भूजल किती खाली आहे ते मोजून.

हे मोजणं कुरखेड्यात इतकं महत्त्वाचं का, ते आमच्या जमिनीत आहे. आमचा मुलूख धानाचा. वर्षाला १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. धानाच्या बांध्यांत त्या काळात मुद्दाम पाणी अडवून ठेवलेलं असतं. सती नदीच्या खोऱ्यात उतारावर एक बांधी वर, एक खाली, अशा पायऱ्या. वरच्या बांधीचं पाणी पाझरत खालच्या बांधीत येतं, तिथून घरामागच्या वाडीत, तिथून विहिरीत. श्रावण-भाद्रपदात विहिरीचं पाणी वाकून लोट्याने घेता येईल इतकं वर येतं. अशा ठिकाणी खणलेला खड्डा म्हणजे दुसरी विहीरच.

शिवाय मातीच्या जाती वेगळ्या. कन्हार काळी आणि चिकट, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा देते. तिच्या फुगण्या-आकसण्याचा दाब भांड्याच्या भिंतीवर येतो. मोरंड तिच्याहून जरा बरी. बरड म्हणजे मुरमाड, चढावरची, धान्याला गरीब पण पाण्याचा निचरा करणारी. शेतीला जी जमीन आपण नाकारतो, ती टँकला सर्वांत चांगली. भाच्याने फोटो काढून जी जागा ठरवली होती ती विहिरीजवळची, सपाट, सुंदर, कन्हार जमीन होती.

पाणी धरायला जमीन कशी निवडायची हे ज्ञान या भागाला नवीन नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आणि बोड्या आहेत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क देऊन हे काम वाढवलं, कोहळी समाजाने त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसब कमावलं. जमिनीच्या मालकीची मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने गेली, पण तलावांचं नाव माजी मालगुजारी, बोलण्यात मामा तलाव, असंच राहिलं. पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडुम कुठे ठेवायचं, जादा पाणी कुठून सांडू द्यायचं, हे त्या माणसांनी माती हातात घेऊन ठरवलं. बोडीला तळाची माती घट्ट हवी, पाणी झिरपू नये म्हणून. टँकच्या खड्ड्याला नेमकं उलट हवं, भोवतालचं पाणी थांबू नये. पण दोन्हीकडे जाणून घ्यायची गोष्ट एकच आहे, पाणी जमिनीच्या पोटातून कुठून येतं आणि कुठे जातं. बोड्यांच्या कामावर आयुष्य गेलेले एक आजोबा वाडीत येऊन गेले. काठी टेकून त्यांनी भाच्याची जागा पाहिली आणि म्हणाले, "पानी हाये जी खाली. दिसत नाही तं का झालं." तिथे जांभळाचं झाड होतं, आणि बांध्याच्या कडेला उन्हाळ्यातही हिरवं गवत. त्यांनी त्याकडे फक्त बोट केलं.

भांडं आणण्याचा प्रश्नही साधा नाही. नागपूरकडून यायचं तर उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल, वडसा आणि मग कुरखेडा. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास, भांडं तीन मीटर रुंद. त्यामुळे ते आडवं कलतं ठेवून आणतात आणि मग उंची वाढते. मोठा रस्ता पार पडतो, अडचण शेवटच्या किलोमीटरला येते. गल्लीवरून गेलेल्या विजेच्या तारा, वाडीच्या तोंडाशी वाकलेलं चिंचेचं झाड, ट्रॅक्टरपुरता केलेला मोरीवरचा स्लॅब. ऑर्डर देण्याआधी ट्रकच्या उंचीएवढा बांबू घेऊन रस्ता चालून यावा. उतरवायला हायड्रा क्रेन लागते. भांड्याला साखळी लावू देऊ नये, रुंद पट्टे लावावेत आणि वर आडवा बार असावा, नाहीतर पट्टे आत ओढले जाऊन काठ दबतो.

हंगाम ठरवणं सोपं आहे. दिवाळीनंतर धान निघतो, बांध्या सुकतात, पण जमिनीच्या पोटात ओल असते. मार्चनंतर जमीन कोरडी मिळते, पण भरायला पाणी नसतं. माझ्या मते फेब्रुवारी उत्तम. माघाच्या थंडीत खोदकाम, फाल्गुनाच्या आत भरणं.

खड्डा भांड्यापेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठा खणायचा. तळाला वीतभर गिट्टीची चुरी पसरून, ठोकून, एका पातळीत आणायची. या पातळीवर जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ द्यावा. आमच्याकडचे गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांची पातळी जुळवतात, ती पद्धत इथे लेझरइतकीच विश्वासाची आहे. घरात एखादी भिंत दोन सेंटिमीटर तिरपी असली तर कुणाला कळत नाही. टँक दोन सेंटिमीटर तिरपा असला तर पाणी ते रोज दाखवतं, एका काठाला टाइलच्या रेषेवर, दुसऱ्या काठाला रेषेखाली, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

भांडं ठेवल्यावर भोवतीची पोकळी भरायची. इथे नदीची रेती भरायचा मोह होतो, कारण ती जवळ मिळते. रेती पाण्याबरोबर सरकते, कुठे बसते, कुठे पोकळ सोडते, आणि मग भिंतीचं पोट बाहेर येतं. पाऊण इंची स्वच्छ गिट्टी घालावी. ती पडल्या जागी बसते आणि तिच्या फटींतून पाणी खाली उतरतं. माती गिट्टीत शिरू नये म्हणून खड्ड्याच्या भिंतीला जिओटेक्स्टाइल कापड लावतात. आता मुख्य गोष्ट. आत पाणी आणि बाहेर गिट्टी, दोन्ही सोबत चढवायची. आत फूटभर पाणी, बाहेर फूटभर गिट्टी, परत आत, परत बाहेर. आधी नुसतं पाणी भरलं तर भिंती बाहेर फुगतात, आधी नुसती गिट्टी ढकलली तर आत दबतात. दोन दिवसांचं काम आहे. मजूर घाई करतात, मालकाने तिथे उभं राहावं.

गिट्टी भरतानाच, खोल बाजूच्या कोपऱ्यात, खालच्या टोकाला भोकं पाडलेला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा पुरून घ्यावा, तळाच्याही जरा खाली जाईल असा. वर झाकण. हा या सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग. त्यात काठी सोडली की जमिनीतलं पाणी किती वर आहे ते कळतं, आणि फार चढलं तर त्याच पाइपात छोटा पंप सोडून उपसता येतं. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. मागून घ्यावा.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नये. ओल्या अंगाच्या माणसाला विजेचा धक्का फार लवकर जिवावर बेततो. मोटरला वेगळी अर्थिंग, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे. घराच्या जुन्या अर्थिंगला तार जोडून काम भागवणाऱ्या वायरमनला नको म्हणावं.

भरायला ३०,००० लिटर पाणी, म्हणजे पाच हजारी टँकरच्या सहा खेपा. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशोबाने पाच माणसांच्या घराला हे पाणी साडेतीन महिने पुरतं. मला हा आकडा जड वाटतो आणि वाटत राहील. ज्या टोल्यावर मे महिन्यात बाया हातपंपापाशी गुंड लावून बसतात, त्या टोल्यातल्या बोअरमधून उन्हाळ्यात टँक भरू नये, एवढं मी भाच्याकडून कबूल करून घेतलं आहे. हिवाळ्यात, स्वतःच्या विहिरीला भरपूर पाणी असताना, सावकाश भरावा. एकदा भरल्यावर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं. जातं ते मुख्यतः उन्हाने. उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर या टँकमधून रोज १७० ते २१० लिटर जाईल, महिन्याला पाच-सहा हजार. वापर नसताना आच्छादन घातलं तर यातलं बरंचसं वाचतं, आणि जेलकोटही उन्हाने फिका पडत नाही. पाणी यापेक्षा जास्त उतरत असेल तर बादली लावून पाहावी. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतल्या आणि टँकमधल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची, २४ तासांनी दोन्ही मोजायच्या. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन, टँकचं जास्त उतरलं तर गळती.

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात लोह असतं. हातपंपाचं पाणी पितळेच्या गुंडात रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस साका बसतो, ते लोह. असं स्वच्छ दिसणारं पाणी टँकमध्ये भरून क्लोरीन टाकलं की काही वेळात सगळा टँक चहासारखा होतो. घाबरायचं कारण नाही, क्लोरीनने लोहाचा गंज बाहेर काढला इतकंच. फिल्टर चालू ठेवून तो गाळून घ्यायचा. विहिरीचं पाणी मिळालं तर हा त्रास कमी.

रोजच्या देखभालीत दोनच कामं खरी आहेत, गाळणं आणि जंतू मारणं. गाळायला रेतीचा फिल्टर. मोटर एवढी हवी की सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जाईल, म्हणजे तासाला ५,००० लिटर. त्याला एक एचपीपेक्षा मोठी मोटर लागत नाही. रोज सहा तास चालली तर साधारण सहा युनिट, महिन्याला १८० च्या घरात. हा खर्च टँक घेताना कुणी धरत नाही. फिल्टरवर दाब दाखवणारं घड्याळ असतं. स्वच्छ असतानाचा आकडा पेनने लिहून ठेवावा. त्यावर आठ-दहा पौंड चढले की उलटा प्रवाह सोडून रेती धुवायची. धुण्यातून निघालेलं पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवलं की क्लोरीन उडतं, मग ते झाडांना चालतं.

मारण्यासाठी क्लोरीन. गावात हे काम पाणीपुरवठ्याचा कर्मचारी रोज करतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो, वरची निवळ टाकीत ओततो, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहायला ओटी टेस्ट घेतो. घरच्या टँकला हेच तंत्र लागतं. पाण्यात दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन राहायला हवं. ३०,००० लिटरला दोन मिलिग्रॅमच्या हिशोबाने ६० ग्रॅम क्लोरीन लागलं. ताज्या टीसीएलमध्ये ते एक तृतीयांशाच्या आसपास असतं, म्हणजे १८० ग्रॅम पावडर. पोतं उघडं राहून ओलावलं असेल तर निम्मंही उरत नाही. आणि टाकायचं संध्याकाळी. भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. बाजारातल्या गोळ्यांमध्ये सायन्युरिक ॲसिड असतं, ते क्लोरीनला उन्हापासून जपतं. पण ते स्वतः पाण्यातून जात नाही, साठत राहतं, आणि फार साठलं की क्लोरीन असूनही काम करत नाही. म्हणून गोळ्या आणि पावडर आलटून पालटून वापरतात. पण दोन्ही कधीही एका डब्यात, एका मापात एकत्र येऊ देऊ नयेत, आग लागते. ॲसिड आणि क्लोरीनही एकत्र येऊ देऊ नये, विषारी वायू सुटतो.

आणखी एक गोष्ट लोक सोडून देतात, पीएच. तो ७.२ ते ७.६ या दरम्यान हवा. ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ८ ला तो पाव भागापर्यंत खाली येतो. म्हणजे पावडर तेवढीच, परिणाम निम्मा. डोळे चुरचुरले की लोक क्लोरीन जास्त झालं म्हणतात, पुष्कळदा बिघडलेला असतो तो पीएच. तपासणीचा छोटा संच मिळतो, त्यात थेंब टाकून रंग जुळवायचा. उन्हाळ्यात रोज, थंडीत दोन दिवसांआड.

आता झाडं. मोह अंगणात हवा, टँकवर नको. मार्च-एप्रिलच्या पहाटे त्याची फुलं टपटप पडतात. साखरेने भरलेली एक टोपलीभर फुलं पाण्यात पडली की रात्रीत टाकलेलं सगळं क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतं आणि चार दिवसांत पाणी हिरवट दिसू लागतं. सागाची पानं लालसर डाग सोडतात. जाळी फिरवणं हे काम यंत्रावर सोडू नये, सकाळी दहा मिनिटं माणसानेच करावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न वापरलेल्या टँकची. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत आमच्या गडचिरोली जिल्ह्याचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे. मलेरियाचा डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो, आणि उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मालक पुण्यात, मोटर बंद, क्लोरीन संपलेलं, असा टँक म्हणजे गावाच्या मध्यभागी ३०,००० लिटरचं पाळणाघर. आशाताई घरोघर फिरून रांजण रिकामे करून कोरडा दिवस पाळायला लावतात, आणि एका वाडीत हे. घर बंद ठेवून जायचं असेल तर कुणाला तरी पगार देऊन टँक चालू ठेवावा. ते जमत नसेल तर क्लोरीन पूर्ण थांबवावं, ते उडून गेल्याची खात्री करावी आणि आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडावेत. मासे आणि क्लोरीन एकत्र नांदत नाहीत, एकच निवडावं लागतं. आणि मासे सोडलेल्या पाण्यात पोहू नये. क्लोरीन नसलेल्या कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा असू शकतो. केरळमध्ये त्याचे रुग्ण २०२४ आणि २०२५ मध्ये आढळले. विरळ आजार, पण प्राण घेऊ शकणारा.

दुसरी काळजी मुलांची. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून राज्यभर प्लॅस्टिक अंथरलेली तळी झाली. त्यांच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणाराही वर चढू शकत नाही. म्हणून काठाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडून ठेवतात. फायबरही तसंच निसरडं. टँकला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण हवं, मुलाला पाय ठेवून चढता येणार नाही असं उभ्या पट्ट्यांचं, आणि आपोआप मिटणारं फाटक. बांबूची ताटी चालेल असं भाचा म्हणाला. नाही चालणार. शेळी ती पहिल्याच महिन्यात वाकवते आणि त्या वाटेने पोर आत जातं. रात्री बेडूक, मुंगूस पडतात त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात खरखरीत फळी तिरपी सोडावी.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मग घेऊच नको का?" घे म्हणालो. त्याच्या आईचे गुडघे गेले आहेत, पाण्यात चालणं तिला खरोखर सोसेल. फक्त आधी एक पावसाळा जाऊ दे.

जुलैच्या शेवटी आम्ही त्याने निवडलेल्या जागी, विहिरीजवळ, सात फुटांचा खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अडीच फुटांवर पाणी उभं होतं. दुसरा खड्डा गोठ्यामागच्या बरडावर खणला, जिथे कधी तूरही धड आली नाही. तीन दिवसांची झड झाल्यावर त्याच्या तळाला फूटभर पाणी आलं, उघाड पडल्यावर चौथ्या दिवशी ओसरलं. खड्डा बुजवून तिथे भोकं पाडलेला पाइप उभा ठेवला आहे, वर नारळाची करवंटी पालथी घालून. बाजूला फुटांच्या खुणा केलेली बांबूची काठी. दर शनिवारी पुण्याहून फोन येतो आणि मी काठी पाइपात सोडून येतो. घटस्थापनेला पाणी साडेपाच फुटांवर होतं. काल साडेसहा.